शेल स्क्रिप्ट भलत्याच फाइल्स पुसते, ते कसे टाळावे?

धान्य खरेदी केंद्रावरील आवक नोंदी पेन ड्राइव्हवर उतरवून जुन्या प्रती पुसणारी आपली स्क्रिप्ट कधी कधी भलत्याच फाइल्स पुसते, असे आपण लिहिले आहे. याची दोन कारणे संभवतात.

पहिले म्हणजे व्हेरिएबलभोवती (स्क्रिप्टमध्ये फाइलचे नाव साठवणाऱ्या नावाभोवती) दुहेरी अवतरणचिन्हे नसणे. फाइलचे नाव ‘तूर आवक’ असेल, तर अवतरणांशिवाय बॅश (स्क्रिप्टमधील आज्ञा चालवणारे शेल) ते मधल्या रिकाम्या जागेवर तोडून ‘तूर’ आणि ‘आवक’ अशी दोन नावे आरएम या पुसण्याच्या आज्ञेकडे सोपवते, आणि ‘तूर’ नावाची वेगळी फाइल तिथे असल्यास ती हकनाक जाते.

दुसरे कारण माझ्या मते अधिक घातक आहे. पेन ड्राइव्ह जोडलेला नसेल तर सीडी ही फोल्डर बदलण्याची आज्ञा फसते, पण स्क्रिप्ट थांबत नाही आणि पुढची पुसण्याची आज्ञा आहे त्याच फोल्डरमध्ये चालते. म्हणून सीडीच्या ओळीतच पुढे दोन उभ्या रेघा देऊन ‘एक्झिट १’ लिहावे, म्हणजे सीडी फसताच स्क्रिप्ट तिथेच थांबेल. आज्ञा फसताच स्क्रिप्ट थांबवणाऱ्या ‘सेट -ई’वर सर्वस्वी विसंबू नये, कारण इफच्या अटीत फसलेली आज्ञा ते सोडून देते, किंमत न दिलेले व्हेरिएबल वापरल्यास स्क्रिप्ट थांबवणारे ‘सेट -यू’ मात्र अवश्य ठेवावे.

आपल्या भागात भारनियमन पाचवीलाच पुजलेले असल्याने नवी प्रत त्याच ड्राइव्हवर आधी तात्पुरत्या नावाने लिहावी, ती पूर्ण झाल्यावरच एमव्ही या नाव बदलण्याच्या आज्ञेने खरे नाव द्यावे, आणि जुनी प्रत त्यानंतरच पुसावी. अवतरणांच्या चुका शेलचेक हे मोफत साधन ओळ क्रमांकासह दाखवते.