बेअरिंगसाठी पहिलं कंपोझिट करताना

कंपोझिट म्हणजे धातूत दुसऱ्या पदार्थाचे कण मिसळून केलेलं साहित्य; त्यासाठी लगेच सिलिकॉन कार्बाइडच्या कणांच्या मागे लागू नकोस. बेअरिंगची झीज कमी होते, पण ते कठीण कण शाफ्टलाच खातात, आणि शाफ्ट बदलणं महागात पडतं. ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातूत ३ टक्के ग्राफाइट घालून सुरुवात कर. तेल कमी पडलं तरी ग्राफाइटचा थर पृष्ठभाग सांभाळतो.

खरी अडचण इथे येते: वितळलेलं ॲल्युमिनियम ग्राफाइटला धरतच नाही. ग्राफाइटची भुकटी आधी ४०० अंश सेल्सिअसला तापवून ओल घालव, धातूत १ टक्का मॅग्नेशियम घाल, मग ढवळून भोवरा कर आणि भुकटी चिमटी-चिमटीने सोड. ढवळणं थांबलं की ताबडतोब ओत. ग्राफाइटची घनता सुमारे २.२ ग्रॅम प्रति घन सेंमी, वितळलेल्या ॲल्युमिनियमची सुमारे २.४, रेंगाळलास तर कण वर चढतात. ओतीव तुकडा वरून-खालून कापून कण सगळीकडे सारखे पसरलेत का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघ, मगच झीज-चाचणीला लाव. मी हे टाळलं होतं, दोन महिन्यांचे आकडे फेकावे लागले.