'रिप-ऑफ'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे की 'एलियन'सारखा एखादा हॉलिवूडचा अंतराळातला भयपट गाजला की त्याच्यावरून थोडक्या पैशात जे सिनेमे निघतात, इंग्रजीत ज्यांना रिप-ऑफ म्हणतात, ते ज्याला मनापासून आवडतात त्याने त्यांना मराठीत काय म्हणावं, 'भ्रष्ट नक्कल' चालेल का?

माझ्या मते 'भ्रष्ट' काढून टाका, नुसतं नक्कल म्हणा. शब्द मूळचा अरबी, फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि इथे चांगला रुळला. कोर्टात निकालाची नक्कल मिळते, त्यात कमीपणा कसलाच नाही. आणि गॅदरिंगला कोणी हेडमास्तरांची नक्कल करतं तेव्हा हॉल डोक्यावर घेतात पोरं, पण ती रंगते कधी, तर बघणाऱ्याला हेडमास्तर माहीत असतात म्हणून, आणि खरी टाळी पडते ती करणारा स्वतःचं काहीतरी त्यात घालतो तिथे.

आता १९७९ च्या 'एलियन'नंतरचे सिनेमे बघा. थोडक्या पैशात सिनेमे काढणारा अमेरिकन निर्माता रॉजर कॉर्मन, त्याने १९८१ मध्ये 'गॅलेक्सी ऑफ टेरर' काढला, त्याचे सेट उभे करणाऱ्यांत जेम्स कॅमेरॉन होता, तेव्हा त्याला कोणी ओळखतही नव्हतं. पैसे नाहीत म्हणून यानाच्या भिंतींवर बर्गरचे थर्माकोलचे डबे ओळीने चिकटवून रंगवले, आणि पडद्यावर ते खरंच कुठल्यातरी यंत्राचे पॅनल वाटतात! हे एकदा कळलं की सिनेमा परत बघताना डोळे सारखे भिंतींवरच जातात, मला तर गोष्टीपेक्षा त्या भिंतीच जास्त आवडतात. पुढच्याच वर्षी कॉर्मनच्याच 'फरबिडन वर्ल्ड'मध्ये तेच सेट परत वापरले, आणि सुरुवातीची अंतराळातली मारामारी त्याच्याच आधीच्या एका सिनेमातून घेतली. आणि १९८६ मध्ये 'एलियन'चा अधिकृत दुसरा भाग कोणी केला, तर याच कॅमेरॉनने. नक्कल करायलाही अक्कल लागते म्हणतात ते इथे अक्षरशः लागू पडतं.

काहींनी 'उचलेगिरी' सुचवलंय, मला ते पटत नाही. उचलेगिरी करणारा लपवतो, कुठून घेतलं ते कळू नये म्हणून धडपडतो. हे सिनेमे लपवत काहीच नाहीत, प्रेक्षकाने ओळखावं हीच तर इच्छा असते. आणि तसं म्हणायचं तर खुद्द 'एलियन'ची गोष्टसुद्धा १९५८ च्या 'इट! द टेरर फ्रॉम बियॉन्ड स्पेस'शी बरीच जुळते, तिथेही यानात शिरलेला एक जीव एकेकाला मारत सुटतो, मग उचलेगिरीचा हिशोब कुठवर मांडत बसणार.

एका प्रकाराला मात्र नक्कल म्हणू नये. १९८० मध्ये इटलीत 'एलियन २' नावाचा सिनेमा निघाला, मूळ सिनेमा काढणाऱ्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता, पण नावावरून कोणालाही वाटेल की हा पुढचा भागच आहे. याला आपल्याकडे अगदी नेमका शब्द आहे, तोतया. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून पुढे आलेला माणूस भाऊंची नक्कल करत नव्हता, तो मीच भाऊ म्हणत होता. हल्ली मोठ्या सिनेमाच्या आसपास तसंच नाव आणि तसंच पोस्टर लावून जे सिनेमे सोडतात, ज्यांना मॉकबस्टर म्हणतात, तेही तोतयेच. ते आवडायलाही हरकत नाही, मी बघतो आणि मजेत बघतो, फक्त 'गॅलेक्सी ऑफ टेरर'ला त्या रांगेत बसवू नका एवढंच.