निष्ठा उडत नाही, ढळते

सप्रेम आशीर्वाद.

ग्रंथालयावरचा तुझा लेख काल रात्री वाचला. दुसऱ्याच परिच्छेदात ‘गावोगावची ग्रंथालयं टिकतील अशी माझी निष्ठा आहे’ असं वाक्य आलं आणि माझी पेन्सिल तिथेच थांबली. भारदस्त वाटावं म्हणून तो शब्द आलेला नाही, तुला मनापासून तसं वाटतं, हे मला कळतं. म्हणूनच जरा सविस्तर सांगतो.

शब्दाचा अर्थ अडला की त्याच्याशी कोणतं क्रियापद नांदतं ते बघ. मत बनतं, बदलतं. समजूत होते आणि कुणी तरी ती काढतंही. विश्वास बसतो, उडतो. निष्ठा उडत नाही, ढळते. तिच्या पोटात ‘स्था’ हा उभं राहण्याचा धातू आहे ना! स्थान, स्थिर, प्रतिष्ठा ही सगळी त्याच घरातली. (कनिष्ठ, वरिष्ठ मात्र त्या घरातले नव्हेत, तिथे ‘इष्ठ’ हा प्रत्यय आहे.) अमुक होईल असं मत असतं, तमुक घडेल अशी खात्री असते. निष्ठेला हे भाकीत चालत नाही. ती कशावर तरी, कुणावर तरी असते, आणि तिथे उभं राहायची किंमत मोजावी लागते.

आगरकरांचंच घे. १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’चं संपादकपद सोडलं आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. टिळकांशी मतभेद झाले, असं सांगून आपण मोकळे होतो. ते खोटं नाही. पण पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली तरी ज्यांचं लिहिणं थांबलं नाही, त्यांच्यासाठी ‘मत’ हा शब्द मला फार अपुरा वाटतो.

समासात हा शब्द आणखी चकवतो. ‘व्यक्तिनिष्ठ’ समीक्षा म्हणजे ज्याच्या त्याच्या आवडीवर बेतलेली. ‘व्यक्तिनिष्ठ’ राजकारण म्हणजे एका माणसाभोवती फिरणारं. ‘वस्तुनिष्ठ’ तू बरोबर वापरलास.

तेव्हा दुसऱ्या परिच्छेदात ‘खात्री’ घाल. मात्र शेवटी ज्या ग्रंथपालबाई आल्या आहेत, पगार थकला तरी रोज साडेचारला कुलूप काढणाऱ्या, सुटलेली पानं खळीने चिकटवून वर वजन ठेवणाऱ्या, त्यांची पुस्तकांवरची निष्ठा तू दोन ओळींत उरकलीस. तिथे भरपूर लिही. रविवारपर्यंत पाठव, मी वाट बघतो.