नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवरची कोथिंबीर जळते. दुसरं काय लावता येईल?

मे महिन्यात कोथिंबिरीचा नाद सोडा. पारा ४५ च्या आसपास गेला की ती हिरव्या नेटखालीही तग धरत नाही. त्यापेक्षा अंबाडी लावा, तिला ऊन मानवतं. बी रात्रभर भिजवून पेरा, १० इंच खोल कुंडी पुरते. पाणी सकाळी लवकर द्या. कुंडी पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका, ती भिंत रात्रीपर्यंत भाजत असते. रोप वीतभर झालं की शेंडे खुडा, बाजूने फुटवे येतात.

भाजी करताना पानं उकडून पाणी पिळून टाका, नाहीतर आंबटढाण होईल. मग शिजलेली तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून घोटा. वरून लसूण-लाल मिरचीची फोडणी, आणि तेल घालताना हात आखडू नका! सोबत भाकर.