आधी आईचे गुडघे, मग जहाज

मे महिन्याच्या सुट्टीसाठी क्रूझची चौकशी करणारी पत्रं यंदा बरीच आली. त्यातली निवडक घेतो.

प्रश्न : आई-बाबा सत्तरीपुढचे, आईचे गुडघे दुखतात. मुलं सहा आणि अकरा वर्षांची. मुंबईहून लक्षद्वीपला जाणारी क्रूझ घ्यावी की सिंगापूरहून निघणारी? (डोंबिवली)

तुमचा निकाल आईंच्या गुडघ्यांनीच लावून टाकलाय. लक्षद्वीपला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते खोल पाण्यात उभं राहतं आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून बेटावर नेतात. हलत्या बोटीत पाय टाकायचा, तोल सावरायचा, परतताना पुन्हा तेच. आई जहाजावरच थांबतील आणि तुम्ही बेटावर जाऊन त्यांची काळजी करत बसाल. त्यात समुद्र खवळला तर कप्तान ते बंदर वगळू शकतो. तिकिटाच्या अटींत तशी मुभा असते आणि पूर्ण पैसे परत मिळत नाहीत. मे संपता संपता अरबी समुद्राचा काही भरवसा नसतो.

सिंगापूरहून मलेशियातल्या पेनांगला जाणारी तीन-चार रात्रींची फेरी तुम्हाला जास्त सोयीची. पेनांगला जहाज थेट धक्क्याला लागतं, उतरलं की जॉर्जटाउन शहर समोरच. थायलंडमधलं फुकेत मात्र बघून घ्या, तिथे मोठ्या जहाजांवरून बहुधा बोटीनेच उतरावं लागतं. मुलांच्या दृष्टीनेही फरक मोठा आहे. मुंबईहून सुटणारं कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ १९९० सालचं, सुमारे ४८ हजार टनांचं. सिंगापूरचं ‘गेंटिंग ड्रीम’ २०१६ सालचं, दीड लाख टनांचं. (हे टन वजनाचे नव्हेत, जहाजाच्या आतल्या जागेचे.) म्हणजे पाण्याच्या घसरगुंड्या, मुलांचा वेगळा विभाग, सगळं ऐसपैस. पण लिफ्टपासून दूरची केबिन मिळाली तर तोच ऐसपैसपणा आईंना नडेल. बुकिंग करतानाच लिफ्टजवळची केबिन मागा आणि व्हीलचेअरची गरज असेल तर तीही नोंदवा.

एक सांगायचं राहिलं : पेनांगहून परतलात की तो सिंगापूरमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश धरला जातो. व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हे छापील कागदावर स्वतः वाचा. एजंटच्या ‘हो हो, असतोच’वर विसंबू नका.

प्रश्न : आम्ही चौघं. एकाच बाल्कनीच्या केबिनमध्ये राहावं की दोन आतल्या केबिन घ्याव्यात? (नाशिक)

चौघांच्या केबिनमध्ये दोन पलंग खाली आणि दोन भिंतीतून किंवा छतातून उघडणारे, रेल्वेच्या वरच्या बर्थसारखे. तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं बहुधा कमी असतं, म्हणून हिशोब आकर्षक वाटतो. पण बाथरूम एकच, तेही विमानातल्यापेक्षा जरासंच मोठं. अकरावीतली मुलगी आणि सकाळी सातला नाश्त्याला निघायची घाई असलेले वडील हे गणित मी बऱ्याच घरांत बिघडलेलं पाहिलंय.

मी दोन शेजारच्या आतल्या केबिन घेईन, मध्ये दार असलेल्या मिळाल्या तर उत्तमच. कित्येकदा त्या दोन मिळून एका बाल्कनीच्या आसपासच पडतात. खिडकी नसते, पण दिवसा केबिनमध्ये बसतो कोण? मधल्या दाराच्या आणि चौघांच्या केबिन मोजक्याच असतात, त्या आधी संपतात. जहाजाचा नकाशा संकेतस्थळावर असतो. त्यात तुमच्या केबिनच्या वरच्या आणि खालच्या मजल्यावरही केबिनच आहेत ना, ते बघा. वर स्विमिंग पूल असेल तर पहाटे खुर्च्या सरकवण्याच्या आवाजाने जाग येईल.

‘केबिन नंबर नंतर कळेल’ अशी स्वस्त योजना कुटुंबाने घेऊ नये. मुलं एका मजल्यावर, तुम्ही दुसऱ्या, असं होऊ शकतं.

प्रश्न : जाहिरातीत एक भाडं आणि शेवटी भलतंच बिल. असं का? (कोल्हापूर)

कारण जाहिरातीतलं भाडं बहुधा दोघांच्या केबिनमधल्या एका माणसाचं असतं. त्यावर बंदरशुल्क आणि कर. मग टिप : बऱ्याच परदेशी कंपन्या ती दर माणशी, दर रात्री लावतात, लहान मुलांनाही बहुधा सूट नसते. वायफाय वेगळं, दारू वेगळी, ठरावीक रेस्टॉरंटं वेगळी. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएसही, म्हणजे विकणाऱ्याने तुमच्याकडून आगाऊ घेतलेला आयकर, कापला जातो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण आज खिशातून जातोच. एजंटकडे ‘सगळं धरून चौघांचे किती’ एवढाच प्रश्न लेखी विचारा. आणि जहाज निघालं की फोन विमान मोडवर टाका. भर समुद्रात तो आपोआप जहाजाचं नेटवर्क पकडतो, त्याचं बिल बघून माझ्या एका परिचितांना घरी आल्यावर बोट लागली.

प्रश्न : मुलगी-जावई न्यू जर्सीत एच-१बी व्हिसावर आहेत. आम्ही जाऊ तेव्हा मायामीहून कॅरिबियन क्रूझ करायचा विचार आहे. (पुणे)

तुमच्यापेक्षा मला त्यांच्या पासपोर्टची चिंता आहे. अमेरिकेत कायदेशीर राहण्याची मुदत शिल्लक असते, पण पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा कधीच संपलेला असतो, अशी अनेक मराठी घरं तिथे आहेत. तसा व्हिसा घेऊन कॅनडा किंवा मेक्सिकोत तीस दिवसांच्या आत जाऊन येण्याची एक सवलत आहे. कॅरिबियन बेटांसाठी ती एच-१बीवाल्यांना लागू नाही, ती विद्यार्थी आणि एक्स्चेंज व्हिसावाल्यांपुरती आहे. म्हणजे जहाज बहामाला लागलं की परतीचा प्रश्न उभा राहिला. आधी त्यांच्या व्हिसाची तारीख बघा, पैसे नंतर भरा. तुमचे दहा वर्षांचे बहुप्रवेशी व्हिसा असतील तर परत येण्याची अडचण नाही, मात्र प्रत्येक बेटाचा भारतीयांसाठीचा नियम वेगळा तपासा.

मायामीला आदल्या दिवशी पोचा. एकदा सकाळच्या विमानाने जाऊन दुपारचं जहाज पकडायचा शहाणपणा मी केला होता. विमान चार तास उशिरा आलं आणि मी धक्क्यावर पोचलो तेव्हा जहाज पाठमोरं होतं. जहाज कोणासाठी थांबत नाही.

प्रश्न : घरचे लाडू-चकल्या आणि छोटी इलेक्ट्रिक किटली नेता येईल का? (ठाणे)

किटली नाही, इस्त्री नाही, इंडक्शन तर नाहीच. आगीच्या भीतीने ती तपासणीतच काढून घेतात. कारखान्यात पॅक झालेलं कोरडं खाणं बहुतेक ठिकाणी चालतं, घरचं मात्र बऱ्याच कंपन्या नाकारतात. जैन जेवण किंवा बिनकांदा-लसणाचं हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा, जहाजावर चढल्यावर नव्हे. लाडू मुंबईच्या बॅलार्ड पिअर धक्क्यावर, जहाजावर चढण्याआधी, गाडीत बसूनच संपवा.