आधी कातरणी, मग औषध

प्रश्न: आमच्या दख्खनी मेंढ्या आहेत. विणकामाच्या सुतासाठी लोकर घेणारे विचारतात, मेंढ्या कशा सांभाळता, कातरताना इजा होते का, म्युलसिंग (शेपटीखालची कातडी कापून टाकणे) करता का. औषध दुकानदार म्हणतो, कातरणीच्या चार दिवस आधी गोचीडनाशकाने धुवा आणि इंजेक्शन द्या, लोकर स्वच्छ निघते. काय करावे?

उत्तर: कातरणीआधी गोचीडनाशक लावू नका. औषधाचा अंश लोकरीत राहतो. तीच लोकर कातरणाऱ्याच्या हातात, पिंजणाऱ्याच्या नाकात आणि शेवटी विणणारीच्या मांडीवर जाते. दुकानदाराची बाटली खपते, तुमचे गिऱ्हाईक तुटते. असे कळप मी पुष्कळ पाहिले आहेत. आधी कातरा, जखमा भरू द्या, दोन-तीन आठवड्यांनी औषध लावा. तोवर लोकर आखूड असते, औषध कातडीपर्यंत पोचते आणि कमी लागते. लावण्याआधी मेंढ्यांना पोटभर पाणी पाजा, तहानलेली मेंढी औषधाचे पाणी पिते. पावसाळी दिवशी आणि शेवटच्या महिन्यातल्या गाभण्यांना नको. पाण्यात किती मिसळायचे ते बाटलीवर लिहिलेले असते, तेवढेच. झाकणाने अंदाजे ओतू नका.

इंजेक्शनही तसेच. आयव्हरमेक्टिन (जंत आणि खरजेचे औषध) १ टक्क्याचे असेल तर ५० किलो वजनाला १ मिली, कातडीखाली. तुमची मेंढी २५ किलोची असेल तर अर्धा मिली झाला. ‘सगळ्यांना दोन-दोन मिली टोचा’ हा सल्ला चौपट डोसाचा आहे. क्लोसँटेल या जंताच्या औषधात तर चूक माफ नाही, डोस वाढला की मेंढी आंधळी होते आणि दृष्टी परत येत नाही. कोकरांना मोठ्यांचा डोस देऊ नका. वजन करा. काटा नसेल तर जनावरांच्या दवाखान्यात विचारा, दुकानात नको.

म्युलसिंगबद्दल ठामपणे सांगा: आम्ही करत नाही, आमच्या मेंढीला त्याची गरजच नाही. मेरिनो जातीच्या मेंढीला शेपटीखाली कातडीच्या घड्या असतात. तिथे घाण साचून माशी अंडी घालते आणि अळ्या पडतात, म्हणून ऑस्ट्रेलियात ती कातडीच कापून टाकतात. न्यूझीलंडने २०१८ मध्ये यावर बंदी घातली. दख्खनीला त्या घड्या नसतात.

पण म्युलसिंग नाही म्हणून सुटलात असे समजू नका. खरी इजा आपल्याकडे कातरीने आणि दोरीने होते. चारी पाय करकचून बांधून तासभर उन्हात पाडलेली मेंढी मला बघवत नाही. माझा आग्रह एकच: पाय बांधू नका. एकाने मेंढी ढुंगणावर बसवून गुडघ्यांत धरावी, दुसऱ्याने कातरावे. बसलेली मेंढी फारशी झटापट करत नाही, हे करून पाहा. आदल्या रात्री चारा बंद ठेवा, पोट भरलेल्या मेंढीला असे धरले की धाप लागते. कातर धारदार हवी, बोथट कातर कातडी ओढते. कातडी ताणून धरा. सड, कान आणि जांघ जपा. काप गेलाच तर लगेच पोव्हिडोन आयोडीन लावा, राख-माती नको. दुसऱ्या वाड्यावर जाण्याआधी कातर जंतुनाशकाने पुसा.

कातरणी ओल्या लोकरीची नको. जमिनीवर ताडपत्री अंथरा. पोटाखालची आणि शेपटीची लेंड्या लागलेली लोकर तिथेच बाजूला टाका. काळी, तपकिरी, पांढरी वेगळी ठेवा. ओळखीची खूण डांबराने किंवा ऑइलपेंटने करू नका, ती धुतली तरी जात नाही.

सुतासाठी खरा माल म्हणजे जावळ, कोकराची पहिली लोकर. ती वेगळ्या पोत्यात भरा. मोठ्या मेंढीची लोकर भरड, घोंगडी आणि जाजमाला उत्तम, अंगाला लागणाऱ्या स्वेटरला नाही. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा. व्यापारी खाटकाकडची, कातड्यावरून उपटलेली लोकर तुमच्या मालात मिसळायला सांगेल. मिसळू नका. ‘जिवंत मेंढीची, इजा न करता कातरलेली’ हे तुमचे म्हणणे त्या एका पोत्याने खोटे ठरते.

लसी (आंत्रविषार आणि पीपीआर म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) दवाखान्यातून घ्या, आंत्रविषाराची पावसाळ्याआधी. मेंढीपालनासाठीच्या सरकारी महामेष योजनेची चौकशी तिथेच करा. कोणत्या मेंढीला कोणते औषध कधी, किती दिले ते वहीत लिहा. लोकर घेणाऱ्याने विचारले की तीच वही पुढे करा.