वाचकांचे प्रश्न : क्लचच्या लिव्हरला ढील किती ठेवावी?

प्रश्न : माझ्याकडे स्प्लेंडर आहे. क्लचची वायर तुटल्यामुळे नवी बसवून घेतली. थोड्याच दिवसांत लिव्हर सैल झाला आणि सिग्नलला न्यूट्रल पडेना, म्हणून गॅरेजमध्ये तो टाइट करून घेतला. आता गिअर व्यवस्थित पडतात. परंतु चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाटात इंजिनाचा आवाज चढत जातो आणि गाडी मात्र त्या प्रमाणात ओढत नाही. क्लच प्लेट्स संपल्या आहेत, असे मेकॅनिक सांगतात. वायर ताणल्याचा याच्याशी काही संबंध असेल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : संबंध असण्याची दाट शक्यता आहे, आणि प्लेट्सवर खर्च करण्यापूर्वी तीच बाजू आधी तपासावी, असे आम्ही आग्रहाने सांगू. आपल्या गाडीचा क्लच इंजिन ऑइलमध्ये चालतो. त्यात घर्षणाचे अस्तर असलेल्या प्लेट्स आणि पोलादी प्लेट्स एकाआड एक रचलेल्या असतात व स्प्रिंग त्यांना सतत एकमेकींवर दाबून धरतात. हा दाब पूर्ण असेल तरच इंजिनाची सगळी ताकद गिअरबॉक्सपर्यंत पोहोचते. लिव्हर ओढल्यावर वायर इंजिनापाशी असलेला आर्म फिरवते आणि तो आर्म स्प्रिंगचा दाब उचलतो. याचा अर्थ असा, की हात लिव्हरवर नसताना वायरीवर जराही ताण राहिला, तर तेवढा दाब कायमचाच उचललेला राहतो. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही; चढावर, मागे माणूस बसलेला असताना, प्लेट्स एकमेकींवरून घसरू लागतात, तापतात आणि झिजतात. लिव्हरच्या सुरुवातीच्या हालचालीत जी ढील ठेवतात, गॅरेजच्या भाषेत जिला प्ले म्हणतात, ती वायरीवर असा ताण राहू नये यासाठीच असते. ती दिसली की दोष समजून काढून टाकण्याची सवय फार पसरलेली आहे आणि तिच्यापायी चांगल्या प्लेट्स अकाली जळतात, याचे आम्हाला वाईट वाटते.

ही ढील कालांतराने वाढतच जाते असा सर्वसाधारण समज आहे, पण तो अर्धाच खरा आहे. नवी वायर पहिल्या काही दिवसांत ताणली जाते, तिचे बाहेरचे आवरण आपल्या जागी दबून बसते आणि त्यामुळे ढील वाढते. आपल्याकडे न्यूट्रल न पडण्याचे कारण बहुधा हेच होते. प्लेट्स झिजतात तेव्हा मात्र उलट घडते. रचलेल्या प्लेट्सची एकूण जाडी कमी झाल्यामुळे दाब देणारी प्लेट स्प्रिंगच्या जोराने आर्मच्या यंत्रणेकडे सरकते आणि ढील कमी कमी होत जाते. म्हणून वर्षानुवर्षे हात न लावलेल्या गाडीचा लिव्हर सैल न होता घट्ट झालेला आढळतो आणि ‘छान टाइट आहे’ म्हणून कोणी त्याकडे पाहतही नाही.

मोजमाप घरी, साध्या पट्टीने होते. इंजिन थंड असावे आणि हँडल सरळ असावे. एका बोटाने लिव्हर हलकेच ओढावा आणि जिथे पहिल्यांदा जोर लागू लागतो तिथे थांबावे. स्प्लेंडरच्या लिव्हरचे टोक तोपर्यंत १० ते २० मिलिमीटर सरकले पाहिजे. इथे एक घोटाळा हमखास होतो, तो समजून घ्यावा. काही कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत ही ढील २ ते ३ मिलिमीटर दिलेली असते, पण ती लिव्हरच्या टोकाशी मोजायची नसते; लिव्हर ज्या खाचेत बसतो त्या खाचेपाशी, लिव्हर आणि होल्डर यांच्यात पडणारी ती फट असते. लिव्हर बिजागराभोवती फिरत असल्यामुळे मुळाशी पडलेली २-३ मिलिमीटरची फट टोकाशी पुष्कळ मोठी दिसते. मुळाशी मोजायचा आकडा कोणी टोकाशी लावला, तर वायर जवळजवळ ताणलेलीच राहते. आपल्या गाडीचे असेच झाले असावे, असा आमचा अंदाज आहे.

आता प्रत्यक्ष जुळवणीकडे वळू. पुष्कळ मोटारसायकलींवर लिव्हरपाशी, रबरी टोपणाखाली, एक अ‍ॅडजस्टर आणि त्याला जखडणारा चेक नट असतो. शिवाय इंजिनापाशी, वायरचे आवरण जिथे पट्टीत अडकवलेले असते तिथे, दोन नट असतात. लिव्हरपाशी ही सोय नसेल, तर सगळे काम इंजिनाकडच्या नटांवरच करावे लागते. लिव्हरकडचा अ‍ॅडजस्टर बाहेर काढत गेले की ढील कमी होते आणि आत फिरवला की वाढते. इंजिनाकडे नट कोणत्या दिशेने फिरवायचा हे पाठ करत बसू नये; आवरणाचे टोक आर्मकडे सरकले तर ढील वाढणार आणि आर्मपासून मागे गेले तर कमी होणार, एवढे लक्षात ठेवले की पुरते. फरक मोठा असेल तेव्हा लिव्हरकडचा अ‍ॅडजस्टर आधी जवळजवळ पूर्ण आत न्यावा, खाली इंजिनापाशी ढील साधारण जमवावी आणि शेवटचा बारीक फरक वर करावा. म्हणजे पुढे रस्त्यात गरज पडली तर वरच्या अ‍ॅडजस्टरला आटे शिल्लक राहतात. बराच बाहेर आलेला अ‍ॅडजस्टर गाडी पडल्यास सहज वाकतो किंवा तुटतो. चेक नट आवळताना अ‍ॅडजस्टर दुसऱ्या हाताने धरावा, अन्यथा तो सोबत फिरतो आणि जमवलेले माप बिघडते. म्हणून आवळल्यानंतर पट्टी पुन्हा एकदा लावावी. हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवूनही ढील शाबूत राहते का, हेही पाहावे. एका बाजूला वळवल्यावर ती नाहीशी होत असेल, तर वायर चुकीच्या वाटेने नेली आहे किंवा कुठे तरी अडकते आहे.

एवढे झाल्यावर घाटात पुन्हा एक फेरी करावी. ढील बरोबर असूनही इंजिनाचा वेग चढतो आणि गाडी मागे राहते, असे दिसले तर मात्र मेकॅनिकचे म्हणणे मान्य करून प्लेट्स आणि स्प्रिंग तपासून घ्याव्यात, कारण मधल्या काळात घसरून घसरून प्लेट्सचे अस्तर जळाले असण्याचा संभव आहे. चढावर अर्धा क्लच ओढून गाडी रेटणे किंवा दोन बोटे कायम लिव्हरवर ठेवून चालवणे हेही टाळावे; बोटांच्या वजनाने ढील संपते आणि उत्तम जुळवणी केलेला क्लचसुद्धा घसरतो.

प्रश्न : मी रोज शहरातील गर्दीतून मोटारसायकलने कामाला जाते. क्लचचा लिव्हर इतका जड झाला आहे, की संध्याकाळी डावे मनगट दुखते. ढील वाढवून घेतली तर तो हलका होईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : होणार नाही. ढील वाढवल्याने स्प्रिंगचा जोर कमी होत नाही. क्लच सुटण्याची जागा फक्त मुठीच्या अधिक जवळ येते. ढील फार झाली तर लिव्हर मुठीला टेकूनही क्लच पूर्ण सुटत नाही. मग पहिला गिअर टाकताना गाडी हिसका देते, न्यूट्रल सापडत नाही आणि गिअरच्या दातांवर मार बसतो. लिव्हर पूर्वी हलका होता आणि आता जड झाला असेल, तर कारण बहुतेक वेळा वायरीतच असते. लिव्हरकडचे टोक सोडवून आतली तार हाताने मागेपुढे ओढून पाहावी. ती खरखरत किंवा अडत असेल, तर आत गंज चढला आहे, तारेचा एखादा पदर तुटला आहे, किंवा आवरणाला कुठे तरी तीव्र वळण पडले आहे. नुसता कोरडेपणा असेल तर वायर उभी धरून वरच्या टोकातून पातळ ऑइल थेंब थेंब सोडावे आणि ते खालून बाहेर येईपर्यंत थांबावे. आवरणाला आतून प्लास्टिकचे अस्तर असलेल्या वायरीत घट्ट ग्रीस भरू नये. ते धूळ धरून ठेवते आणि वायर आणखी जड होते. ग्रीसची खरी जागा म्हणजे लिव्हरचा बोल्ट आणि वायरच्या टोकाचे निपल. हे निपल लिव्हरमध्ये मोकळे फिरले पाहिजे. ते अडकले तर लिव्हर ओढताना दर वेळी तार एकाच जागी वाकते आणि तिचे पदर एकेक करून तुटत जातात. तुटलेला एक पदर जरी दिसला, तरी ऑइल घालण्याच्या भानगडीत न पडता वायर बदलून घ्यावी. वायर पुन्हा अडकवण्यासाठी अ‍ॅडजस्टर व चेक नट यांच्या खाचा एका रेषेत आणाव्या लागतात; काम झाल्यावर त्या एका रेषेत आणि वरच्या बाजूला ठेवू नयेत, अन्यथा पावसाळ्यात पाणी थेट वायरीत उतरते. रबरी टोपण फाटलेले असेल तर तेही त्याच वेळी बदलावे.

प्रश्न : ढील पुस्तिकेत दिल्याप्रमाणे आहे, तरीही माझा क्लच घसरतो. घरी कारसाठी आणलेले महागडे ऑइल शिल्लक होते, ते मोटारसायकलमध्ये घातल्यापासून हा त्रास सुरू झाला. हा योगायोग असेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आम्हाला तो योगायोग वाटत नाही. कारचा क्लच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला नसतो, त्यामुळे कारच्या पुष्कळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असतात आणि तीच मोटारसायकलच्या प्लेट्सना घसरवतात. जपानमधील ‘जासो’ मानकानुसार ओल्या, म्हणजे ऑइलमध्ये चालणाऱ्या, क्लचच्या मोटारसायकलींसाठी एमए, एमए१ आणि एमए२ या श्रेणी ठरलेल्या आहेत. कमी घर्षणाची एमबी ही श्रेणी अशा क्लचसाठी नसते. डब्यावर ही खूण पाहून आणि पुस्तिकेतील दाटपणा जुळवूनच ऑइल घ्यावे. सध्याचे ऑइल काढून योग्य ऑइल भरावे आणि काही दिवस गाडी चालवून पाहावी. अस्तर गुळगुळीत होऊन गेले असेल तर घसरणे थांबणार नाही व प्लेट्स बदलाव्या लागतील. तसे झाल्यास वायरची जुळवणी पूर्वीचीच ठेवू नये. नव्या प्लेट्स झिजलेल्या प्लेट्सपेक्षा जाड असल्यामुळे ढील आपोआप वाढलेली असते, म्हणून गाडी गॅरेजमधून बाहेर काढण्यापूर्वीच पट्टी लावून ती पुन्हा मोजून घ्यावी.